साम्याची दृष्टि

औरंगपुरा ही औरंगाबाद शहरांतील, म्हणजे २०२३ पासून ज्याचें नांव छत्रपति संभाजीनगर झालें त्या नगरांतील, एक जुनी व गजबजलेली वस्ती आहे. तेथें शाळा आहेत, पुस्तकांचीं दुकानें आहेत, आणि संध्याकाळीं रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडून बसलेल्या भाजीवाल्या बायकाही आहेत. उन्हाळ्यांतल्या एखाद्या संध्याकाळीं तेथें खरेदीला आलेल्या वृद्ध गृहिणीकडे लक्ष देऊन पाहावें. भेंडीचें टोंक ती बोटानें मोडून पाहते, काकडी हातांत तोलते, आणि कलिंगडावर टिचकी मारून कान देते. पंधरावीस कलिंगडांतून ती नेमकें एक उचलते, आणि घरीं सुरी चालविल्यावर तें लालभडक निघतें. बरोबर आलेली नात विचारते, "आजी, तुला कसें कळलें?" आजी म्हणते, "अग, आवाजावरून." नात पुन्हा विचारते, "पण तो आवाज असतो कसा?" या दुसऱ्या प्रश्नाला मात्र आजीजवळ उत्तर नसतें.

उत्तर देतां येत नाहीं म्हणून आजीला ज्ञान नाहीं, असें कोणी म्हणूं नये. गेल्या पन्नास उन्हाळ्यांत तिनें शेंकडों कलिंगडें वाजवून पाहिलीं आणि कापूनही पाहिलीं. कानाला लागलेला आवाज आणि सुरीखालीं निघालेला रंग यांची जोड प्रत्येक वेळीं तिच्या मनांत बसत गेली. अशा शेंकडों जोड्यांतून मनानें आपण होऊन एक आकृतिबंध निवडून काढला. आतां नवें कलिंगड हातीं आलें कीं मन त्याची गांठ त्या आकृतिबंधाशीं घालतें आणि निर्णय देऊन मोकळें होतें. मराठींत यालाच ‘पारख’ असा सुंदर शब्द आहे. नाडीवर बोट ठेवणारा वैद्य, कसोटीवर सोनें घासणारा सोनार, चार स्वर कानीं पडतांच राग ओळखणारा रसिक, हे सर्व याच पारखेच्या बळावर चालतात. शब्द मागाहून येतात. कित्येकदां येतही नाहींत.

ही पारख म्हणजे कांहीं दैवी देणगी नव्हे, हें मानसशास्त्रज्ञांनीं बुद्धिबळाच्या पटावर दाखविलें आहे. हॉलंडमधील आद्रियान द ख्रोट यांचा बुद्धिबळपटूंच्या विचारपद्धतीवरील अभ्यास १९४६ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १९७३ सालीं अमेरिकेंतील विल्यम चेस व हर्बर्ट सायमन यांनीं तोच धागा उचलला. चालू डावांतील मोहऱ्यांची मांडणी सुमारें पांच सेकंद दाखवून ती आठवणीनें पुन्हा मांडावयास सांगितली असतां निष्णात खेळाडूनें नवशिक्यापेक्षां कितीतरी अधिक मोहरीं जागच्या जागीं ठेवलीं. येथवर नवल नाहीं. परंतु तींच मोहरीं पटावर वाटेल तशीं विखरून दाखवितांच निष्णाताचा वरचष्मा जवळ जवळ नाहींसा झाला. त्याची स्मरणशक्ति इतरांसारखीच होती. अर्थपूर्ण मांडणी मात्र त्याच्या ओळखीची होती. सुटीं मोहरीं त्याला दिसतच नव्हतीं. त्याला दिसत होते ते मोहऱ्यांचे पुंजके, जसे वाचणाऱ्याला सुट्या अक्षरांऐवजीं शब्द दिसतात.

पारख ही बुद्धीची पहिली पायरी झाली. पण कलिंगडाची पारख कलिंगडापुरती आणि पटावरची पटापुरती. मनुष्याची बुद्धि येथेंच थांबली असती तर तिला नवें असें फारसें कांहीं सुचलें नसतें. दुसरी पायरी येते ती एका ठिकाणीं ओळखलेला बंध उचलून दुसऱ्या, निराळ्या ठिकाणीं नेऊन ठेवण्याची. यालाच सादृश्य किंवा उपमान म्हणतात. आपल्या न्यायशास्त्रानें तर उपमानाला प्रत्यक्ष, अनुमान व शब्द यांच्या जोडीला बसवून स्वतंत्र प्रमाणाचा मान दिला. त्यांतील प्रसिद्ध उदाहरण गवयाचें आहे. गवय ज्यानें कधीं पाहिला नाहीं अशा नागरिकाला रानांत राहणारा मनुष्य सांगतो कीं, तो प्राणी गाईसारखा दिसतो. पुढें रानांत गाईसारखें जनावर समोर येतांच नागरिकाला कळतें कीं, गवय तो हाच. जुन्या ओळखीच्या हाताला धरून नवी ओळख झाली.

गाय आणि गवय यांच्यांतील साम्य रूपाचें आहे. डोळ्यांना तें सहज दिसतें. त्याहून खोल असें दुसरें एक साम्य असतें, तें नात्याचें. तळ्यांत खडा टाकला कीं लाट पसरते, आणि सतारीची तार छेडली कीं हवेंतून नाद पसरतो. तळें आणि सतार यांच्या रूपांत कांहीं एक सारखें नाहीं. परंतु पाण्याचा कण जागच्या जागीं हलतो आणि हालचाल मात्र पुढें जाते, हें जें नातें तळ्यांत आहे तेंच हवेंतही आहे. ज्याला तें दिसलें त्याला न दिसणाऱ्या नादाचा विचार करण्यासाठीं दिसणारें पाणी मिळालें. शास्त्र काय किंवा काव्य काय, दोहोंतील मोठीं साम्यें बहुधा या दुसऱ्या जातीचीं असतात.

रूपाचें साम्य आणि नात्याचें साम्य हा भेद कागदावर सूक्ष्म वाटतो. परंतु औरंगपुऱ्याहून निघून सुमारें तीस किलोमीटरांवरील वेरूळ गांठलें तर तोच भेद दगडांत कोरलेला दिसतो. तेथील दहाव्या क्रमांकाचें लेणें विश्वकर्मा या नांवानें ओळखलें जातें. लोक त्याला सुताराची झोपडी असेंही म्हणत आले आहेत. सातव्या शतकांतील हें बौद्ध चैत्यगृह. आंत स्तूपाला पाठ लावून बसलेली बुद्धाची भव्य मूर्ति आहे, आणि मान वर केली तर कमानदार छताला एकापुढें एक अशा वाशांसारख्या फासळ्या दिसतात. सुताराचें नांव लेण्याला कां चिकटलें हें तेथें उभें राहतांच समजतें. मात्र तेथें लांकडाचा तुकडाही नाहीं. वासे, छत, खांब, सारें एकाच कातळांतून निघालेलें आहे. लांकडी इमारतींत वासे छपराचा भार पेलतात. या वाशांना पेलण्यासारखें कांहीं नाहीं. वर डोंगर आहे आणि तो आपला आपण उभा आहे.

याचें मूळ पाहूं गेल्यास पश्चिमेकडे पुण्याच्या वाटेवर लोणावळ्याजवळ यावें लागतें. भाजें येथील चैत्यगृह सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचें मानतात. त्याचे खांब किंचित् आंत कललेले आहेत. लांकडी मंडपांत खांब असे तिरपे रोंवले म्हणजे छपराच्या रेट्याला टेकू मिळतो. कातळांत त्या तिरपेपणाचें कांहींच काम नव्हतें. भाजें आणि कार्लें येथें तर दगडी छताखालीं खरे लांकडी वासेही बसविलेले आहेत. म्हणजे लांकडाचें काम दगडाकडे आलें तेव्हां कारागिरांनीं लांकडाचें रूप सोबत आणलें. ज्या कारणासाठीं तें रूप जन्मास आलें तें कारण मागें राहिलें.

याला कोणी अडाणीपणा म्हणूं नये. येणाऱ्या उपासकाला हें आपल्या ओळखीचें चैत्यगृह आहे असें वाटणें आवश्यक होतें. त्या वाशांनीं ती ओळख पटवून दिली. शिवाय मनाची रीतिच अशी आहे कीं, नवें साधन हातीं आलें म्हणजे तें प्रथम त्याला जुन्या साधनाचा पोशाख चढवितें. पहिल्या मोटारी घोडे सोडलेल्या गाड्यांसारख्या दिसत, आणि पहिल्या बोलपटांवर रंगभूमीची छाप असे. रूप उचलून नेणें ही कल्पकतेची बाल्यावस्था आहे. ती टाळतां येत नाहीं, पण तींतच राहूनही चालत नाहीं.

बाल्यावस्था संपल्यावर काय घडतें, तें त्याच डोंगराच्या कुशींत थोडें पुढें गेलें कीं कैलास लेण्यांत दिसतें. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं, आठव्या शतकांत, हें काम झालें. पट्टदकल येथील विरूपाक्ष मंदिराशीं त्याचें साम्य अभ्यासकांनीं दाखविलेलें आहे. तेव्हां आकृतीपुरतें पाहिल्यास येथेंही जुन्याचेंच अनुकरण आहे असें म्हणतां येईल. परंतु करण्याची रीति उलटी झाली आहे. मंदिर बांधणारा पायापासून आरंभ करतो आणि कळसाशीं थांबतो. येथें डोंगराच्या माथ्यापासून खालीं काम उतरत गेलें. शिखर आधीं आणि पाया शेवटीं. मूर्तिकार शिळेंतून नको असलेला भाग काढून टाकतो, त्याच दृष्टीनें येथें अख्ख्या मंदिराकडे पाहिलें गेलें. एकसंध खडकांतून मंदिर काढण्याचा प्रयोग महाबलिपुरमच्या रथांत लहान प्रमाणावर आधीं झालेला होता. वेरूळास त्यानें पर्वताएवढें रूप घेतलें. बांधकामांत दगड चुकला तर दुसरा बसवितां येतो, कोरीव कामांत काढलेला दगड परत जोडतां येत नाहीं; म्हणून मूर्तिकाराचें साम्य पत्करलें कीं त्याची शिस्तही पत्करावी लागते. आणि नांव तरी काय, तर कैलास. शिवाचा निवास हा पर्वत आहे, आणि येथें पर्वताचाच निवास झाला. गवंड्याची आकृति, मूर्तिकाराची रीति आणि पुराणांतील पर्वत, हे तीन ओळखीचे बंध एकत्र येऊन जें निर्माण झालें तें तिघांपैकीं कोणाच्याही घरीं आधीं नव्हतें. सर्जन म्हणून ज्याला म्हणतात तें बहुतांशीं असें असतें.

शहरांतील हिमरू कापडाची कथा याहूनही बोलकी आहे. किनखाबांत सोन्याचांदीची जर असते. हिमरू विणतात तें सुती ताण्यावर रेशमी बाणा घालून. ‘हम-रू’, म्हणजे सारख्या चेहऱ्याचें, अशी त्या नांवाची एक व्युत्पत्ति सांगतात. ती खरी धरली तर या कापडाचें नांवच साम्य आहे. वेलबुट्टी विणावयाची तर कोणता धागा केव्हां वर उचलावयाचा हें आधीं ठरलेलें असावें लागतें. जुन्या पद्धतींत हा सारा नकाशा दोऱ्यांच्या जाळ्यांत गांठींनीं बांधून मागावर टांगीत. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्यें जॅकार्ड यानें याच कामासाठीं भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची योजना केली, आणि पुढें तो माग हिमरूच्या विणकरांकडेही आला. जेथें भोंक असेल तेथें धागा उचलला जावयाचा, नसेल तेथें राहावयाचा.

आतां इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाकडे पाहावें. १८३० नंतरच्या दशकांत तो आंकडेमोड करणाऱ्या एका मोठ्या यंत्राची आंखणी करीत होता. त्या यंत्राला हुकूम कसे द्यावे, या प्रश्नाचें उत्तर त्याला जॅकार्डच्या मागावर सांपडलें. भोंक आणि धागा यांच्यामधील जें नातें तेंच भोंक आणि संख्या यांच्यामध्यें कां असूं नये? बॅबेजचें यंत्र त्याच्या हयातींत पुरें झालें नाहीं. पण १८४३ सालीं एडा लव्हलेस या विदुषीनें त्यावर लिहिलेल्या टिपांत, माग जशी फुलें आणि पानें विणतो तसें हें यंत्र बीजगणिताचे बंध विणील, ही तुलना स्पष्टपणें केली. आजच्या संगणकाच्या वंशावळींत असा एक विणकर बसलेला आहे. रेशीम आणि गणित यांच्या रूपांत साम्य शोधूनही सांपडणार नाहीं. नात्यांत मात्र तें पूर्ण आहे.

असें असेल तर अशीं साम्यें सर्वांनाच वारंवार कां सुचत नाहींत? याचें उत्तर मेरी गिक व कीथ होलिओक यांच्या १९८० सालच्या प्रयोगांत मिळतें. त्यांनीं कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचें एक जुनें कोडें घेतलें. रोग्याच्या पोटांत गांठ आहे. तीव्र किरण सोडले तर गांठ जळते, पण वाटेंतील निरोगी भागही जळतो. सौम्य किरण सोडले तर कशालाच इजा होत नाहीं, गांठीलाही नाहीं. काय करावें? दहांतून जेमतेम एकाला उत्तर सुचलें. मग दुसऱ्या एका गटाला आधीं एक गोष्ट वाचावयास दिली. एका किल्ल्याकडे अनेक वाटा जातात, पण प्रत्येक वाटेंत सुरुंग पेरलेले आहेत. मोठें सैन्य गेलें तर ते उडतील, लहान तुकडी सुखरूप जाईल. सेनापति सैन्याच्या लहान तुकड्या करतो, निरनिराळ्या वाटांनीं धाडतो, आणि सर्व तुकड्या एकाच वेळीं किल्ल्यापाशीं मिळतात. कोड्याचें उत्तर येथें जवळ जवळ सांगूनच टाकलें आहे: चहूंकडून सौम्य किरण सोडावे आणि ते गांठीवर एकत्र मिळावे. तरीही ही गोष्ट वाचलेल्यांपैकीं दहांत सुमारें तिघांनाच आपण होऊन उत्तर सुचलें. "मघाच्या गोष्टीचा उपयोग होतो का पाहा," एवढें सुचवितांच चारांतून तिघांना तें सांपडलें.

गोष्ट डोक्यांत होती, कोडें डोळ्यांपुढें होतें; दोहोंची गांठ मात्र पडत नव्हती. कारण एकीवर किल्ल्याचा पोशाख होता आणि दुसऱ्यावर रुग्णालयाचा. मन रूपावरून आठवण काढतें. किल्ला म्हटला कीं त्याला दुसरा किल्ला आठवतो. नात्यावरून आठवण काढावयास त्याला शिकवावें लागतें. विद्यार्थ्याला शंभर गणितें पाठ येतात आणि एकशेएकावें अडतें, कारण त्यांत आंब्यांच्या जागीं आगगाड्या आलेल्या असतात. दोष त्याच्या स्मरणाचा नसतो; हीं दोन गणितें एकच कां आहेत, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो.

साम्य न सुचणें ही एक आपत्ति, आणि चुकीचें साम्य सुचणें ही दुसरी. ही दुसरी अधिक भयंकर. कारण ती ज्ञानाच्या वेषांत येते. एका घरीं मुलाला ताप येतो. अंग दुखतें, डोकें दुखतें. शेजारच्या मुलालाही मागच्या महिन्यांत असाच ताप आला होता आणि एका गोळीनें तो उतरला होता. तीच गोळी दिली जाते. परंतु ताप हें रूप आहे. त्याचें कारण निराळें असूं शकतें. डेंग्यूचा ताप असला आणि ती गोळी अॅस्पिरिनची असली, तर रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ‘अगदीं तस्साच ताप’ या तीन शब्दांत रूपाचें साम्य नात्याच्या साम्याची जागा बळकावून बसतें.

माणसांच्या बाबतींत तर हें रोजच घडतें. एका भाडेकरूनें फसविलें. त्याच्या बोलण्याची ढब, त्याचें आडनांव, त्याचा धर्म मनांत ठसला. पुढें तशीच ढब किंवा तसेंच आडनांव घेऊन दुसरा मनुष्य दारीं उभा राहतो, आणि त्यानें कांहीं करण्यापूर्वींच दार बंद होतें. कलिंगड निवडणारी आणि माणूस नाकारणारी शक्ति एकच आहे. फरक इतकाच कीं, आजीनें प्रत्येक कलिंगड कापून आपला अंदाज तपासला होता. येथें तपासणी होतच नाहीं. दार बंद झाल्यावर तो मनुष्य कसा होता हें कळण्याची सोयच उरत नाहीं, आणि न तपासलेला बंध दिवसेंदिवस घट्ट होत जातो.

यंत्रेंही या दोषांतून सुटलेलीं नाहींत. हजारों छायाचित्रें पाहून वस्तु ओळखणारीं यंत्रें आज घरोघरच्या दूरध्वनींत आहेत. २०१६ सालीं कांहीं संशोधकांनीं अशा एका यंत्राला लांडगा व हस्की जातीचा कुत्रा यांतील भेद शिकविला. मात्र शिकवितांना मुद्दाम लांडग्यांचीं चित्रें बर्फाची पार्श्वभूमि असलेलीं निवडलीं. यंत्र तयार झालें. पुढें बर्फावर उभ्या असलेल्या कुत्र्याला तें लांडगा म्हणूं लागलें. त्यानें लांडगा ओळखावयास न शिकतां बर्फ ओळखावयास शिकून घेतलें होतें.

या दोषावरील उपाय औरंगपुऱ्यापासून फार दूर नाहीं. दक्षिणेस सुमारें पन्नास किलोमीटरांवर गोदाकांठीं पैठण आहे. तेराव्या शतकांत महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी या भागांत वावरले, आणि त्यांनीं निरूपणांत सांगितलेले दृष्टांत केसोबासांनीं ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथांत एकत्र केले. त्यांत जन्मांध माणसांनीं हत्ती चांचपून पाहिल्याचा दृष्टांत आहे. ज्याच्या हाताला पाय लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटला, ज्याच्या हाताला कान लागला त्याला सुपासारखा. दोन्हीं साम्यें आपापल्या जागीं खरीं आहेत. चूक होते ती पायावरून सबंध हत्तीवर उडी मारण्यांत. परंतु दृष्टांताइतकीच त्या ग्रंथाची रचना विचार करण्यासारखी आहे. प्रथम सूत्र येतें, मग दृष्टांत, आणि शेवटीं दार्ष्टांतिक. गोष्टींतलें काय प्रस्तुत विषयांत कशाच्या ठिकाणीं लावावयाचें, हें सांगणारा भाग तो दार्ष्टांतिक. नैयायिकांच्या पंचावयवी वाक्यांतही उदाहरणानंतर लगेच सिद्धांत येत नाहीं. मध्यें उपनय असतो. स्वयंपाकघरांत धूर असतो तेथें अग्नि असतो, हें उदाहरण; या पर्वतावरील धूरही तसाच आहे, हा उपनय. उदाहरण दिलें म्हणजे काम झालें असें त्यांनीं मानलें नाहीं. तें येथें लागू पडतें का, हें स्वतंत्रपणें सांगण्याचा भार त्यांनीं बोलणाऱ्यावर टाकला.

आजच्या व्यवहारांत दृष्टांत पुष्कळ ऐकूं येतात, दार्ष्टांतिक क्वचित्. राष्ट्र हें कुटुंबासारखें आहे, मन हें यंत्रासारखें आहे, शाळा ही कारखान्यासारखी आहे, असें सभेंत कोणी म्हणतो आणि टाळ्या पडतात. राष्ट्रांत बाप कोण, मनांत पाट्या कोणत्या, शाळेंतून निघणारा माल कोणता, हें कोणी विचारीत नाहीं. विचारलें तर साम्य मोडतें असें नाहीं; कोठपर्यंत टिकतें तें कळतें. आणि जेथें तें तुटतें ती जागा पुष्कळदां सर्वांत अधिक शिकविणारी असते. वाशांनीं भार पेलण्याची गरज डोंगराला नाहीं, ही विश्वकर्मा लेण्यांतील तुटण्याची जागा; तीच ओळखल्यावर दगडाला दगडासारखें वागविण्याची वाट मोकळी होते.

औरंगपुऱ्यांतील त्या नातीच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालें नव्हतें. पुढच्या खेपेस आजी बहुधा एवढेंच करील कीं, दोन कलिंगडें तिच्यापुढें ठेवील आणि म्हणेल, "दोन्हीं वाजव आणि सांग, कोणतें घ्यावें?" मुलीनें निवडलेलें कलिंगड घरीं आणावें, तिच्यादेखत कापावें, आणि तें फिकें निघालें तर आवाजांत काय निराळें होतें, हें पुन्हां विचारावें. सारखें काय हें पाहावयास मन आपण होऊन शिकतें. निराळें काय हें पाहण्यासाठीं मात्र कोणी तरी जवळ बसून तें विचारावें लागतें.